गाडी आगाऊ झाली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मामांच्या गाडीचं टायमिंग मी बिघडवलं होतं. माझ्या हातानं, घरातलाच पाना घेऊन, भर दुपारी, सगळी माणसं जेवून आडवी झालेली असताना.

एवढ्याशा गोष्टीचा कसला आलाय कबुलीजबाब, असं कुणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायला आवडत होतं. पण त्या टायमिंगपायी एका माणसाचं काम गेलं, आणि कामापेक्षा वाईट म्हणजे खरं बोलूनही तो माणूस आमच्या घरात खोटारडा ठरला. मला मात्र त्याच टायमिंगपायी बायको मिळाली. बोल्ट एकच होता. मी तो सैल केला, थोडा फिरवला, परत आवळला.

काळ सत्तरीच्या दशकातला, पेट्रोल एकदम महाग झालं तेव्हाचा. सोलापुरात मामांची अक्कलकोट रस्त्याला चादरींच्या मागांची शेड होती आणि गावात दुमजली घर. मी त्यांचा भाचा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मुक्काम करून होतो. ड्रॉइंगचा विषय मला सोडत नव्हता आणि मी त्याला. मधल्या काळात ‘शेडवर जरा लक्ष ठेव’ म्हणून मामांनी मला ठेवून घेतलं होतं. पाहुण्यांना माझी ओळख ‘आमचा इंजिनियर’ अशी करून देत. कॉलेजला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते चालून जात होतं.

गाडी काळी, विलायती बनावटीची, मामांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. सेल्फ मनात आलं तर चाले, नाहीतर पुढून हँडल मारावं लागे. घरापासून शेड चालत जाण्याच्या अंतरावर होती, पण मामा चालत गेले तर गाडी आहे हे लोकांना कळणार कसं? त्यामुळे रोज सकाळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं हँडल मारलं जाई, आणि मामा मागच्या सीटवर एकटे, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे बसत.

हँडल मारणारे तात्या. ते ड्रायव्हर, मंद्रूपचे. पल्लेदार मिशा, परीटघडीची टोपी, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर शेवटचा शब्द त्यांचा. “गाडी म्हंजे म्हस हाय,” ते म्हणत. “हात वळखीचा पायजे. न्हाय तर पान्हा चोरती.” मामांची मुलगी सायकल शिकली ती तात्यांनी कॅरिअर धरल्यावर. मामींना वाटत होतं पोरगी पडेल, मामांना वाटत होतं लोक काय म्हणतील. तात्या म्हणाले, “लोक म्हंतील, पोरीला सायकल येती.” आणि सोडून दिलं कॅरिअर.

तर अशा तात्यांनी एक शोध लावला होता. कार्बोरेटरपासून एक बारीक नळी निघते आणि ठिणग्या वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या अंगाला चिकटलेल्या एका चपट्या गोल डबीत जाते. पेट्रोल महागलं तसे तात्या इंजिनात डोकं घालून पेट्रोल कुठं जातंय ते शोधायला लागले, आणि त्यांना ही नळी सापडली. “हीच पिती,” ते म्हणाले. “न्हाय तर कार्बोरेटरपातूर नळी कशाला लावंल कोण?” त्यांनी नळी उपटली आणि कार्बोरेटरच्या बाजूचं भोक आगपेटीच्या काडीनं बुजवून टाकलं. मामांनी खूश होऊन त्यांना नवी टोपी दिली. त्यानंतर पेट्रोल जास्तच लागायला लागलं, गाडी सपाट रस्त्यावरही धापा टाकायला लागली. पण बचत चालू आहे ह्याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती.

ही नळी काय करते ते मला आज सांगता येतं. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते ती पिस्टन अगदी वर पोचल्यावर नव्हे, पोचायच्या किंचित आधी. पेट्रोलच्या वाफेला पेट घ्यायला वेळ लागतो ना, म्हणून. मागावर काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला मार बसतो तो ठरल्या क्षणी. लवकर बसला तरी सूत तुटतं, उशिरा बसला तरी तुटतं. ठिणगीचं तसंच. आता गाडी रिकामी, रस्ता सपाट, पाय हलका असेल तर आतलं मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, मग ठिणगी आणखी आधी पडलेली बरी. ते काम ह्या नळीचं. इंजिनाची ओढ नळीतून डबीत पोचते, डबीतला पडदा ओढला जातो, पडद्याला जोडलेली सळई डिस्ट्रिब्यूटरच्या आतली पट्टी थोडी फिरवते, ठिणगी पुढे सरकते. आणि चढ आला, वजन आलं, पाय दाबला, की ओढ कमी होते, पडदा सुटतो, ठिणगी आपल्या जागी मागे येते. लग्नघरातल्या जाणत्या बाईसारखं आहे ते: मोकळीक असेल तोवर पुढं होऊन कामं उरकायची आणि वजनदार माणूस दारात आला की दोन पावलं मागं सरायचं.

हे सगळं एका इंग्रजी पुस्तकात सचित्र दिलं होतं आणि ते पुस्तक मी रद्दीच्या दुकानातून आणलं होतं. पुढची पानं फाटलेली होती असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं सांगायचंच ठरवलंय तर, पानं जागेवर होती. मी वाचली नाहीत. ‘ठिणगी आधी पडली की इंजिनाला तरतरी येते’ एवढं वाचून माझं समाधान झालं. नळी जोडायची तर तात्यांचा शोध खोटा पाडावा लागला असता, आणि तात्यांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं आमच्याकडे ऐकिवात नव्हतं. त्यापेक्षा अख्खा डिस्ट्रिब्यूटरच थोडा पुढच्या अंगाला फिरवून ठेवला तर? नळीनं जे लागेल तेव्हा, लागेल तेवढं केलं असतं, ते मी कायमचं करून ठेवलं. आधीची जागा चुकू नये म्हणून खिळ्यानं एक रेघ ओढून ठेवली, बोल्ट आवळला, हात पुसले. संध्याकाळी गाडी अशी उधळली, की मामांची टोपी मागच्या काचेला लागली.

“जोर आला की रे हिला!” मामा म्हणाले.

तात्या उतरल्यावर बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, “इंजिनियर, गाडीला कुणी हात लावला व्हता का?”

“छे,” मी म्हणालो.

पुढच्या मंगळवारी तुळजापूरला गेलो. घाट लागल्याबरोबर इंजिनातून खडखड यायला लागली. “आत कोण चिंचोके खेळतंय?” मामी म्हणाल्या. मामा म्हणाले, “ताकद आहे ती. ताकदीचा आवाज होणारच.” मी खिडकीबाहेर बघत होतो. चढावर, ओझ्याखाली, ठिणगी मागे यायला हवी होती आणि ती येऊ शकत नव्हती, कारण तिला मी पुढं बांधून ठेवलं होतं. पण हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि ज्यांना कळत होतं त्यांना कुणी विचारत नव्हतं. तात्यांना कळत होतं असं तरी कसं म्हणू? त्यांना एवढंच दिसत होतं, की ठिणगी वेळेच्या आधी पडतेय आणि हँडल कधीमधी उलटं मारतंय. त्याला त्यांचा एक शब्द होता. “आगाव झालीया,” ते म्हणत.

आमच्या भाषेत आगाऊ म्हणजे वेळेच्या आधीचं. आणि आगाऊ म्हणजे वयाला, पायरीला न शोभेल असं पुढंपुढं करणारं, उलट बोलणारं. गाडी हा शब्द बाईमाणसाचा. ह्या दोन गोष्टी एका दिवशी एका व्हरांड्यात एकत्र आल्या.

तो दिवस मामांच्या मुलीला पाहायला मिरजेकडचे पाहुणे आले त्याचा. मुलगा बँकेत, घराणं नामांकित. स्टेशनवरून त्यांना आणायला गाडी गेली. सकाळी हँडल मारताना तिनं तात्यांच्या मनगटावर असा दणका दिला, की ते रुमाल बांधूनच स्टेशनवर गेले.

कार्यक्रम झाला. पोहे झाले. मुलाच्या आईनं मुलीला विचारलं, “स्वयंपाक येतो का?” ती म्हणाली, “येतो. तुमच्याकडे आत्ता कोण करतं?” तिनं हे सरळ विचारलं होतं, पण मामींच्या हातातला तांब्या हिंदकळला. मुलगा हसला. त्याच्याबद्दल माझं मत तेव्हा चांगलं झालं नाही. तिच्याकडे बघून तो हसला, एवढं कारण मला पुरलं. मामेबहीण म्हणजे आमच्यात हक्काचं स्थळ. पण नापास भाच्याला हक्क विचारायची सोय नव्हती, म्हणून मी पानसुपारीचं तबक घेऊन फिरत होतो.

मुलगी पाहायला येणाऱ्या मंडळींत एक माणूस असा असतो, जो मुलगी पाहत नाही. तो लघुशंकेच्या निमित्तानं उठतो आणि परसात, मोलकरणीशी, शेजाऱ्याशी, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलून येतो. खरं स्थळ तोच पाहतो. ह्यांच्यात ते काम मुलाच्या काकांकडे होतं. ते व्हरांड्यात आले. खाली तात्या गाडीच्या बॉनेटवर पंजा पालथा ठेवून उभे होते. दसऱ्याला गाडीला हार घालताना ते तिला लक्ष्मी म्हणत, हे काकांना माहीत असायचं कारण नव्हतं. मी खांबाआड तबक घेऊन उभा होतो.

“बरीच वर्षं आहात वाटतं इथं?” काकांनी विचारलं.

“हाय की. घरचाच म्हणा.”

काका आवाज उतरवून म्हणाले, “मग आम्हाला खरं सांगा. ह्या घरची लक्ष्मी कशी आहे?”

तात्यांनी बॉनेटवर थाप मारली. पण काका घराच्या दाराकडे बघत होते. “चांगली हाय वो. घरंदाज हाय. डॉक्टरच्या हातात वाढल्याली.”

“डॉक्टरच्या?”

“व्हय. पन आता काय सांगू? ह्या दोन म्हैन्यात लई आगाव झालीया.”

“आगाऊ?”

“येळ व्हायच्या आदीच पुढं पळती. चढाला लागली की नुसता खडखडाट. ह्ये बगा,” तात्यांनी रुमाल सोडून मनगट दाखवलं, “आज सकाळी जरा हात घातला, तर उलटा दणका दिला.”

काकांनी मनगट पाहिलं. “हे… हे तिनं?”

“मग काय म्या सोताच मारून घ्येतलं? आन् सांगू का, तिचा दोष न्हाय. घरातल्याच कुणीतरी हात लावलाय.”

काकांनी खांबाचा आधार घेतला. त्याच खांबाआड मी होतो. “मालकांना माहीत आहे?”

“मालकांना काय कळतंय त्यातलं! ते म्हंत्यात, जोर आलाय तिला.”

“अरे देवा. मग ह्याला उपाय?”

“उपाय येकच. येळंवर मागं घ्याय पायजे. न्हाय तर जो धरंल त्येचा हात मोडंल.”

काका आत गेले, चहा न घेता.

मला दोन्ही बाजू कळल्या होत्या. आख्ख्या घरात त्या क्षणी दोन्ही बाजू कळलेला मी एकटा. एक वाक्य पुरलं असतं: काका, ते गाडीबद्दल बोलताहेत. काका हसले असते, तात्या हसले असते, मामांनी ती गोष्ट लग्नाच्या पंगतीत सांगितली असती. पण पुढचा प्रश्न आला असता, ‘गाडीला हात कुणी लावला?’ आणि मुलगाही हसलेला होता. मी तबकातली एक सुपारी तोंडात टाकली आणि खरं सांगतो, मला हसू आलं.

नकार मध्यस्थामार्फत आला. आधी पत्रिका जुळत नाही म्हणाले. मग रास आड येते म्हणाले. मामांनी मध्यस्थाला कोपऱ्यात घेतलं तेव्हा त्यानं घाम पुसत सगळं सांगितलं, आणि सांगताना आपलंही थोडं घातलं.

अंगणात गाडीचं बॉनेट उघडून चौकशी बसली. मामा, मामांचे दोन चुलतभाऊ, शेजारचे सूतवाले, मी. मोटारीतलं कुणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे सगळे वाकून वाकून बघत होते.

“मालक, आईची आन,” तात्या म्हणाले, “म्या गाडीचं बोललो. पोरीबद्दल असं बोलंन म्या? कॅरिअर धरून शिकवली तिला.”

थोरले चुलतमामा म्हणाले, “गाडी आगाऊ असते होय रे? आगाऊ पोरं ऐकली. आगाऊ सून तर घरातच आहे. आगाऊ गाडी नाही ऐकली बाबा.”

“आसती की! टायमिंग आगाव आसतं.”

“आणि उलट मारते म्हणालास. गाडी उलट बोलते का?”

“बोलती की! ह्यो हात बगा.”

“आणि घरातल्या माणसानं हात लावला म्हणालास!”

“लावलाच हाय! त्याबिगार येवडं फिरतंय व्हय?”

वर खिडकीत मामांची मुलगी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मामा माझ्याकडे वळले. मामा रागीट होते, पण अन्यायी नव्हते. हे लिहिणं मला भाग आहे, कारण अन्याय करणारा दुसरा होता.

“तू यंत्रातला आहेस,” मामा म्हणाले. “तू सांग. आहे का टायमिंग आगाऊ?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. इंजिनियर आहे म्हटल्यावर आता काय काळजी.

मी डिस्ट्रिब्यूटरवर वाकलो. माझी रेघ मला दिसत होती. “नाही मामा,” मी म्हणालो. “टायमिंग बरोबर आहे.”

“उद्या गॅरेजला दाखवू,” मामा म्हणाले. “तात्या खरा निघाला तर मी त्याच्या पाया पडेन.”

सकाळी मामा आंघोळीला गेले आणि मी बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्यूटर रेघेवर आणून ठेवला. मला भीती वाटत होती, लाज वाटत होती, सगळं वाटत होतं. हात मात्र अजिबात थरथरले नाहीत.

गॅरेजवाल्यानं पॉइंटला बल्ब लावला, पुली हातानं फिरवली, खुणेवर बल्ब पेटला. “टायमिंग अगदी बरोबर,” तो म्हणाला. मग त्यानं ती नळी उचलली, भोकातली आगपेटीची काडी चिमट्यानं ओढून काढली आणि सगळ्यांना दाखवली. “हे कुणी केलं?”

“म्या,” तात्या म्हणाले.

म्हणजे चौकशीत सापडलेला एकमेव दोष त्यांचा निघाला. मामांना काही बोलायची गरजच उरली नव्हती. तात्यांनी बॉनेटखाली वाकून बघितलं. डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी जुन्या ग्रीसमध्ये एक चकचकीत कड उघडी पडली होती आणि तिच्याशेजारी माझ्या खिळ्याची रेघ. त्यांनी ती बघितली, मग मला बघितलं. मग सीटवरचा आपला टॉवेल घेतला, झटकला, खांद्यावर टाकला आणि चालायला लागले.

गॅरेजवाल्यानं रबराचा नवा तुकडा घालून नळी जोडली. गाडी बऱ्याच दिवसांनी, जशी चालायला हवी तशी चालली. सपाटीला हलकी, चढाला शांत. मामा परतताना म्हणाले, “बघ. ड्रायव्हर गेला आणि गाडी सुधारली.”

सोलापुरात ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांच्याकडे मुलीही होत्या. मालकाच्या पोरीबद्दल बोलणारा ड्रायव्हर कुणी ठेवला नाही. तात्या मंद्रूपला परत गेले.

इकडे ‘घरातल्याच कुणीतरी’ हे दोन शब्द गावात फिरत राहिले. घरात असा कोण आहे, हे बघायला फार लांब जावं लागत नव्हतं. मामींनी मला पुरणपोळी वाढणं बंद केलं, मग एकाएकी परत सुरू केलं. मामा एकदा शेडवर मागांच्या गोंगाटात माझ्या कानाशी ओरडले, “काही असेल, नसेल! आम्ही विचारत नाही! तू तिला करून घे!” मी घराण्याची अब्रू वाचवतो आहे असं सगळ्यांनी ठरवलं. घरात मी डिस्ट्रिब्यूटरखेरीज कशालाही हात लावलेला नव्हता, हे सांगणं मला शक्य नव्हतं, कारण मग डिस्ट्रिब्यूटरचं सांगावं लागलं असतं.

लग्नाआधी तिनं मला गच्चीवर गाठलं. पापड वाळत घातले होते, ती ते उलटत होती.

“दया म्हणून करतोयस का?”

“नाही,” मी म्हणालो. हे खरं होतं.

“सगळ्यांनी त्या माणसाचं ऐकलं आणि मला आगाऊ ठरवलं. बाबांनीसुद्धा मनातल्या मनात. तू एकटा माझ्या बाजूनं उभा राहिलास.” पापड उलटता उलटता ती म्हणाली, “तात्यांचं मला फार वाटायचं रे. त्यांनी असं बोलावं?”

मी पापड उलटायला मदत केली.

लग्नानंतर काही वर्षांनी, ड्रॉइंग सुटल्यावर, मामांच्या शेडसाठी माणसं बघायला मी मंद्रूपच्या बाजाराला गेलो होतो. पिठाच्या गिरणीचं डिझेल इंजिन धडधडत होतं आणि ते चालवणारा माणूस चेहऱ्यावरचं पीठ पुसत बाहेर आला. पांढऱ्या पिठात फक्त मिशा काळ्या.

“या जावईबापू!” तात्या म्हणाले. “बसा. च्या सांगतो. आन् काय म्हंतंय तुमचं टायमिंग? लई झ्याक बसलं की!”

गिऱ्हाईकं हसली, त्यांना वाटलं, पाहुण्याची थट्टा चाललीय.

“तात्या, तुम्ही…”

“म्या रेघ बगितली व्हती. खिळ्याची ना? पान्याची रेघ अशी जात न्हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून? त्या काडीनं माजंच दात घशात घातलं व्हतं. नळी उपटायचं येडेपन माजंच. आन् इंजिनियरपुढं ड्रायव्हरचं कोन ऐकतंय?” ते मिशीवरचं पीठ झटकत म्हणाले. “त्ये जाऊ द्या. हितं बरं चाललंय. ह्या इंजिनाला टायमिंगचं काय लचांड न्हाय. पन येक काम करा माजं.”

“काय?”

“पोरीला सांगा. बाकी कुनाला नगा सांगू. मालकाला न्हाय सांगितलं तरी चालंल. पोरीला वाटू ने, की तात्या आपल्याबद्दल आसं बोलला. येवडंच.”

“सांगतो,” मी म्हणालो. चहा पिऊन उठलो. पाऊस काय म्हणतोय, असंही विचारलं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “कोण भेटलं बाजारात?” मी म्हणालो, “कुणी नाही.”

तेव्हापासून सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. आमच्या मुलीच्या शाळेतून तक्रार आली, की फार आगाऊ आहे, तेव्हा ही मास्तरांना म्हणाली, “आईवर गेलीय. आईलाही एकानं तसंच म्हटलं होतं.” मी शेजारी बसलो होतो. मामा गेले, त्यांच्या दिवसांना मंद्रूपहून कुणीतरी येऊन बाहेरच्या बाहेर नमस्कार करून गेलं, असं माणसं म्हणाली, तेव्हा ही म्हणाली, “आत नाही आला ते बरं झालं.” मी पानं मांडत होतो. प्रत्येक वेळी वाटे, आता इतक्या उशिरा सांगितलं तर ती म्हणेल, मग माझ्या बाजूनं उभा राहिलेला तो कोण होता? ह्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते मला माहीत आहे. तिला भेटलेला तो एकुलता एक भला माणूस मला घरात हवा होता. तो काढून घेतला तर उरणाऱ्या माणसाबरोबर तिला जेवायला बसवायचं धाडस मला झालं नाही.

तात्या अजून आहेत. गिरणी मुलगा चालवतो, त्यांना ऐकू कमी येतं, असं परवा मंद्रूपचा एक कामगार सांगत होता. मामी आहेत. माझी बायको आत भाजी निवडते आहे.

तात्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि मी ‘सांगतो’ म्हणालो होतो. बायकोला मंद्रूपला नेऊन, तात्यांच्या समोर, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिला सांगायचं, की ते गाडीबद्दल बोलले होते, खरं बोलले होते, आणि खोटं मी बोललो होतो. एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.